ओटे रिकामे का राहतात?

पोस्ट जरा लांबलीय. पण आपल्या बाजारतळाबद्दल आहे, तेव्हा गावातल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी एक कबुली. काही वर्षांपूर्वी बाजारतळावर सिमेंटचे ओटे झाले, वर पत्र्याचं शेड आलं. तेव्हा 'आठवडी बाजाराचा कायापालट' असं हेडिंग देऊन बातमी लावणारा मीच. प्रेसनोट आली, फीत कापतानाचा फोटो आला, बातमी झाली. आज त्या ओट्यांवर दुपारी कुत्री झोपतात आणि रात्री पत्त्यांचे डाव बसतात. भाजीवाल्या मात्र पहिल्यासारख्याच रस्त्याकडेला, लिंबाखाली. मीही चारचौघांसारखं म्हणायचो, "आपल्या लोकांना सोय करून दिली तरी वापरता येत नाही."

ते वाक्य आज मागे घेतोय. घ्यायला लावलं आमच्या गल्लीतल्या टेलरच्या मुलीनं.

ती आर्किटेक्चरच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातल्या कुणी थिसिसला विमानतळ घेतलं, कुणी म्युझियम. हिनं आपला बाजारतळ घेतला. पावसाळ्यातले दोन रविवार आणि उन्हाळ्यातले दोन, सकाळी टेम्पो उतरायच्या वेळेपासून दिवे लागेपर्यंत ती तिथं होती. एकदा वही आणि टेप घेऊन उन्हात उभी दिसली. विचारलं, काय चाललंय? म्हणाली, "काका, सावली मोजतेय." मी हसलो होतो.

मागच्या आठवड्यात तिनं ती वही दाखवली आणि हसू गेलं.

ओटे साधारण तीन फूट उंच आहेत. डोक्यावर पाटी घेऊन आलेली साठीची बाई त्यावर चढणार कशी? एक मावशी तिला म्हणाल्या, "गुडघे गेलेत गं लेकरा, दिवसातून धा बार कुठं चढउतर करू?" उन्हाळ्यात बारानंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही, मेथी-कोथिंबीर माना टाकते. लिंबाखाली तीच भाजी दुपारपर्यंत तग धरते. एसटी स्टँडकडून येणारं गिऱ्हाईक ओट्यांच्या पाठीमागून निघून जातं, कारण तोंड उलट्या बाजूला. तळाचा उतार ओढ्याकडे आहे आणि ओट्यांची रांग त्याला आडवी, म्हणून पावसात तिथं चिखल साचतो. आणि बायकांसाठी मुतारी नाही. कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. ही ओळ वाचून मी वही खाली ठेवली. वीस वर्षं बाजारात फिरतोय, दराच्या बातम्या देतोय, पण हा प्रश्न मी एकीलाही विचारला नव्हता.

तिच्या नकाशात काय आहे? सगळे लिंब जागेवर, त्यांच्या बुंध्याभोवती दीड फुटी ओटे. उतार आहे तसा ठेवून त्यावर काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, पाण्याला ओढ्यापर्यंत मोकळी वाट. झाड नाही तिथंच छप्पर, तेही उंच आणि मधे हवा जायला फट सोडलेलं. बायकांच्या बसायच्या जागेजवळ पाणी आणि स्वच्छतागृह. बाजार नसेल त्या दिवशी पोरांना खेळायला मैदान. कॉलेजात एका सरांनी विचारलं म्हणे, "यात बिल्डिंग कुठंय?" ही म्हणाली, "सर, इथं जेवढी लागते तेवढीच काढलीय."

तिसऱ्या वर्षाला तिनं भूकंपाच्या पुनर्वसनातल्या एका गावातलं घर घेतलं होतं. ते मला जास्त लागलं, कारण माझ्या आत्याचं गाव त्यातलंच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या वयाचा माणूस विसरत नाही. रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. नंतर नवी गावं वसली. रुंद सरळ रस्ते, शहरातल्या कॉलनीसारख्या घरांच्या रांगा. घर मजबूत मिळालं, त्याचे उपकार आहेतच. पण जनावरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, संध्याकाळी ओसरीवर कोण कुठं बसणार, याला त्यात जागा नव्हती. आत्यानं दारातच पत्रे ठोकून गोठा केला.

मला वाटलं, आता ही जुन्या माळवदाचे गोडवे गाणार. तसं नाही. म्हणाली, "काका, त्याच भिंतींखाली माणसं गेली. दगड नुसते मातीत रचलेले, भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर धरून ठेवणारा लांब दगडच नाही, वर मातीच्या धाब्याचं ओझं." तिच्या घरात ओसरी आणि गोठा जुन्या गावाचा आहे, पण भिंतीला चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा आहे. जुन्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे तिला कळतं.

तिच्या बोलण्यात इंदूरच्या अरण्य वसाहतीचं नाव आलं. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींचं काम, ज्यांना २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला. गरिबांना तिथं जोतं, पाणी, संडास आणि फार तर एखादी खोली दिली, बाकीचं घर ज्याचं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवलं. आपल्याकडे उलटं होतं. घर पूर्ण देतात आणि मग माणसाला त्यात बसवतात.

आता मुद्दा. बाजारतळावर दुमजली कॉम्प्लेक्स बांधायची चर्चा सुरू आहे. त्यात लिंब जाणार असं ऐकतोय. कॉम्प्लेक्सला माझा विरोध नाही, गाळे गावाला लागतातच. पण वरच्या मजल्यावर पाटी घेऊन कोण चढणार, हे कुणी विचारलंय का? चार रविवार बसायला एका पोरीला जमलं, तर निर्णय घेणाऱ्यांना एक रविवार जमायला हरकत नाही.

येत्या रविवारी ती आपले नकाशे लिंबाखाली मांडणार आहे. तुम्ही या. कॉम्प्लेक्सवाल्यांनी त्यांचाही नकाशा आणावा, शेजारी लावावा. कुठला चालेल, ते मावशींना सांगू द्या. तिच्या नकाशातही चुका असतील, त्याही निघू देत.

बातमी मीच करणार आहे. या वेळी प्रेसनोटवरून नाही.