पडवी नसलेलें घर

प्रवासाची तयारी म्हणजे सामानाची तयारी, अशी जुन्या मंडळींची समजूत असते, आणि मीही त्यांतलाच. वळकटी आवळली, फराळाचा डबा भरला, फिरकीचा तांब्या घेतला कीं अर्धी काशी झाली, असें मानणाऱ्या घरांत माझें बालपण गेलें. पुढें छत्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविल्यामुळें आणखी एक समजूत जडली. ज्याला वेळापत्रकाची वजाबाकी बिनचूक करतां येते तो प्रवासांत फसत नाहीं, अशी ती समजूत. या दोन्ही समजुतींचा निकाल २०१८ सालच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील एका विमानतळावर एकाच संध्याकाळीं लागला. आपल्या घरांतील मुलें-मुली आतां त्या देशीं संसार थाटून आहेत, आणि बाळंतपणासाठीं वा मुंजीसाठीं वडील माणसांस तिकडे जावें लागतें. त्यांपैकीं कोणाच्या उपयोगीं पडेल म्हणून ही हकीगत सांगतों.

आमची धाकटी कन्या आयोवा राज्यांतील एका गांवीं राहते. तिचे दिवस भरत आले होते. बाळंतपणांत आईनें जवळ असावें अशी तिची, आणि तिच्याहूनही अधिक तिच्या आईची इच्छा होती. हळिवाचे व डिंकाचे लाडू, सुंठ, मेतकूट, बाळंतशोपा, जुन्या लुगड्यांचीं दुपटीं अशी सौभाग्यवतीची तयारी श्रावणापासूनच चालू होती. तिकिटांचें काम मात्र मीं आपल्याकडे घेतलें. मुंबईहून दुबईमार्गें अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत एक तिकीट, आणि तेथून आयोवापर्यंत दुसऱ्या कंपनीचें निराळें तिकीट काढलें तर दोघांचे मिळून सुमारें ११,००० रुपये वांचतात, असा शोध मीं लाविला. घरांतील थोरला पुतण्या अशा प्रवासांत मुरलेला. तो म्हणाला, "काका, सगळा प्रवास एकाच तिकिटावर करा. आणि काकूंच्या गुडघ्यांकडे पाहतां त्यांच्यासाठीं व्हीलचेअर सांगून ठेवूं."

मीं दोन्ही सूचना मोडीत काढल्या. पहिलें विमान पांच वाजून वीस मिनिटांनीं उतरणार, दुसरें सव्वाआठला सुटणार. मध्यें जवळजवळ तीन तास मोकळे. दादरला गाडी बदलण्यास आम्हांला कधीं अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला नव्हता. व्हीलचेअरविषयीं तर माझें मत फारच कडक होतें. ज्याला आपल्या पायांनीं चालतां येतें त्यानें दुसऱ्याकडून ढकलून घेणें मला अप्रामाणिकपणाचें वाटे, आणि तसें मीं बोलूनही दाखविलें. सौभाग्यवती तेथेंच निवडटिपण करीत बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं.

दुबईस उतरलों तेव्हां माझा अहंकार वाढलाच. तेथें विमान बदलावयाचें होतें. पण पासपोर्टावर कोणी शिक्का मारला नाहीं कीं मोठ्या पेट्यांना आम्हांला हात लावावा लागला नाहीं. हातांतील पिशव्यांची एकदां तपासणी झाली, आणि एका दरवाजाकडून दुसऱ्या दरवाजाकडे आम्ही चालत गेलों. कोंकणांतील घरांना जशी पडवी असते, वाटसरूनें तेथें घटकाभर टेकावें, पाणी प्यावें आणि उंबरठा न ओलांडतां पुढें जावें, तशी सोय जगांतील अनेक मोठ्या विमानतळांवर केलेली आहे.

अमेरिकेच्या घराला ही पडवी नाहीं. बाहेरून आलेला मनुष्य त्या देशांत राहावयास आला असो, वा दोन तासांनीं मेक्सिकोस अगर पेरूस जाणार असो, जेथें त्याचें विमान प्रथम उतरतें तेथेंच त्यास रीतसर घरांत यावें लागतें, आणि मगच दुसऱ्या दारानें बाहेर पडतां येतें. म्हणून नुसतें विमान बदलणाऱ्या भारतीय नागरिकाजवळही व्हिसा असावाच लागतो. केवळ पुढें जाणाऱ्यांसाठीं 'सी-वन' या वर्गाचा निराळा व्हिसा आहे. कांहीं उतारूंना व्हिसावांचून जाऊं देण्याची सवलत पूर्वीं होती. ती २००३ सालच्या ऑगस्टांत सुरक्षिततेच्या कारणास्तव स्थगित झाली.

आमच्यासारख्या, त्याच देशांत पुढें जाणाऱ्या उतारूंना याचा अर्थ काय होतो तो आधीं नीट समजून घ्यावयास हवा होता. प्रथम इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापुढें उभें राहून बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावयाचें. मग पट्ट्यावरून आपल्या पेट्या आपणच उतरवून घ्यावयाच्या. त्या घेऊन कस्टम्समधून जावयाचें. त्या पुन्हा विमान कंपनीच्या स्वाधीन करावयाच्या. नंतर पुढचें विमान जेथून सुटतें तें टर्मिनल गांठावयाचें, आणि शेवटीं अंगाची व हातांतील पिशव्यांची तपासणी नव्यानें द्यावयाची. दुबईस घेतलेली पाण्याची बाटली तेथें चालत नाहीं. तूप, तेल असे पातळ पदार्थ १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलींत असतील तर पेटी हातांत आहे तोंच ते तींत घालावे लागतात. पेटीच्या चिठ्ठीवर शेवटच्या गांवाचें नांव छापलेलें असलें तरी सामान्यतः यांतून सुटका नाहीं. हे सहा दरवाजे झाले. मीं तास मोजले होते, दरवाजे मोजले नव्हते.

आमचें विमान वेळेवर उतरलें. त्या विमानतळाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष त्याचा नव्हता. विमानांतून बाहेर पडून लांबच लांब वाटा तुडवीत इमिग्रेशनच्या दालनांत पोंचेपर्यंत सहा वाजत आले. त्याच सुमारास आणखी तीन-चार मोठीं विमानें उतरलीं असावींत. दोऱ्या बांधून केलेल्या वळणावळणांच्या रांगेंत आम्ही उभे राहिलों. आमच्याच विमानांतील पांच-सहा वृद्ध व्हीलचेअरवरून बाजूच्या वाटेनें पुढें गेले. "पाहिलेंस? यांतील निम्मे तरी मुंबईस धडधाकट चालत होते," असें मीं सौभाग्यवतीस म्हणालों. तिनें मान हलविली. बऱ्याच वेळानें माझ्या लक्षांत आलें कीं ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन एका पायावर भार देऊन उभी आहे.

अधिकाऱ्यानें दोन-तीन प्रश्न विचारून आम्हांस सोडलें तेव्हां सव्वासात झाले होते. पेट्या मिळाल्या. विमानांत भरून घेतलेल्या कागदावर खाद्यपदार्थांविषयीं प्रश्न होता. तेथें 'नाहीं' अशी खूण केली तर वेळ वांचेल, असा विचार माझ्या मनांत येऊन गेला होता, हें मी येथें कबूल करतों. पण सौभाग्यवती म्हणाली, "अहो, लाडू आहेत तर आहेत म्हणून लिहा." तें लिहिल्यामुळें पेट्या यंत्रांतून जाव्या लागल्या. एकानें डबा उघडून लाडू पाहिले, वास घेतला आणि हसून परत दिले. ताजीं फळें, बियाणें, मांस यांविषयीं तेथें कडक नियम आहेत. परंतु आपण होऊन सांगितलेला पदार्थ चालण्यासारखा नसला तर तो नुसता काढून घेतात. न सांगतां सांपडला तर दंड होतो.

एकाच तिकिटावर येणाऱ्या लोकांना कस्टम्सच्या दारापाशींच पेट्या पुन्हा पट्ट्यावर ठेवतां येतात. आम्हांला मात्र त्या ओढीत आगगाडीसारख्या छोट्या गाडीनें दुसऱ्या टर्मिनलवर जावें लागलें. प्रत्येक विमानतळाची रचना निराळी असते. अटलांटास एक भुयारी गाडी सर्व भाग जोडते. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पहिलें, दुसरें, तिसरें आणि पांचवें अशीं टर्मिनलें आहेत, चौथें नाहींच. परदेशांतून येणारीं विमानें मुख्यतः पांचव्याला लागतात. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचीं टर्मिनलें म्हणजे स्वतंत्र इमारती. एकींतून बाहेर पडून गाडीनें दुसरींत जावें लागतें. नकाशा घरींच पाहून ठेवणें हें किती महत्त्वाचें आहे, तें दोन्ही हातांत दोन पेट्या असतांना कळतें.

कंपनीच्या खिडकीपाशीं पोंचलों तेव्हां आठाला पांच मिनिटें होतीं. विमान सुटण्यास वीस मिनिटें अवकाश होता. पण सामान घेण्याची वेळ केव्हांच टळली होती. तें त्या दिवसाचें शेवटचें विमान. आमच्याप्रमाणेंच उशीर झालेलें एक गुजराथी कुटुंब शेजारीं उभें होतें. त्यांचा सर्व प्रवास एका तिकिटावर असल्यामुळें त्यांना दुसऱ्या दिवशींच्या पहिल्या विमानांत विनामूल्य जागा मिळाल्या. आमचें पहिलें तिकीट पाहून खिडकीवरील बाई सौम्यपणें म्हणाल्या, "तें दुसऱ्या कंपनीचें आहे. त्याच्या उशिराची जबाबदारी आमच्याकडे येत नाहीं." त्यांचें म्हणणें अगदीं न्याय्य होतें. दोन तिकिटें म्हणजे दोन स्वतंत्र करार. त्यांच्या मधली फट भरून काढणें हें उतारूचें काम. सकाळच्या सातच्या विमानाचीं नवीं तिकिटें काढलीं. वांचविलेल्या रकमेच्या तिपटीहून अधिक पैसे त्यांत गेले.

ती रात्र आम्हीं विमानतळावरील बांकांवर काढली. सौभाग्यवतीनें दशम्या आणि मेतकूट काढलें. मीं दोन घांस खाल्ले. तीन वाजतां जांवईबापूंचा फोन आला कीं मुलीला इस्पितळांत नेलें आहे. त्यानंतर ती बोललीच नाहीं. हातांत जपमाळ घेऊन बसून राहिली. पहाटे तपासणी आटोपून आम्ही विमानाच्या दाराशीं बसलों असतां पुन्हा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. तिनें जन्मवेळ विचारून घेतली. पांच वाजून दहा मिनिटें.

"त्यांचें घड्याळ आपल्याहून एक तास मागें ना?" तिनें मला विचारलें.

"हो."

"म्हणजे सहा-दहा." ती जरा थांबली. "तेव्हां आपण रांगेंत होतों."

एवढेंच ती म्हणाली. आठवड्याच्या ओव्या कागदावर उतरवून घेऊन, लुगड्यांचीं दुपटीं शिवून, सुंठ कुटून ज्या क्षणासाठीं ती निघाली होती, तो क्षण माझ्या ११,००० रुपयांत गेला होता. त्याविषयीं तिनें त्या दिवशीं मला बोल लाविला नाहीं, आणि पुढेंही कधीं नाहीं. लाविला असता तर मला हलकें वाटलें असतें.

त्यानंतर मीं हा विषय विद्यार्थ्यासारखा अभ्यासिला. व्हीलचेअरचें साहाय्य ही कोणाची मेहेरबानी नव्हे. अपंग आणि अशक्त प्रवाशांशीं भेदभाव होऊं नये म्हणून अमेरिकेंत १९८६ सालीं कायदा झाला असून त्याखालीं विमान कंपन्यांनीं हें साहाय्य विनामूल्य द्यावयाचें असतें. ज्याला गरज नाहीं त्यानें तें मागूं नये, हें माझें मत आजही कायम आहे. पण गरज कोणाला आहे हें ठरवितांना मीं स्वतःच्या पायांकडे पाहिलें, तिच्या पायांकडे पाहिलें नाहीं. माझा प्रामाणिकपणा तिच्या गुडघ्यांवर उभा होता.

२०२४ सालीं आम्ही पुन्हा गेलों तें अबूधाबीमार्गें. तेथें २०१४ सालापासून अमेरिकेचेच अधिकारी बसतात आणि विमानांत चढण्यापूर्वींच इमिग्रेशन व कस्टम्सचें काम उरकतात. आयर्लंडमधील डब्लिन व शॅनन येथें आणि कॅनडांतील मोठ्या विमानतळांवरही हीच सोय आहे. टोरांटोची तर १९५२ सालापासूनची. अशा ठिकाणाहून आलेला उतारू अमेरिकेंत उतरतांच अंतर्गत उतारूच समजला जातो. म्हणजे उंबरठाच आधल्या मुक्कामीं आणून ठेवलेला! मात्र तेथेंही हाताशीं वेळ ठेवावाच लागतो. अन्यत्रही आतां थोडी थोडी सैल दिली जात आहे. २०२५ सालीं लंडनहून डॅलस येथें येणाऱ्या कांहीं उतारूंना सामानाची उचलाउचल व दुसरी तपासणी माफ करण्याची सुरुवात झाली, आणि त्याच वर्षाच्या जुलैपासून तपासणींत सर्वांनीं जोडे काढण्याची सक्तीही गेली.

तरीसुद्धां माझें सांगणें एवढेंच आहे. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा. मध्यें चार तास तरी ठेवावेत. पुढचें विमान दिवसांतील शेवटचें नसावें. बरोबरच्या माणसाला काय झेपेल हें त्याचें त्यालाच विचारावें, आणि त्याचें उत्तर येईपर्यंत थांबावें.

येत्या उन्हाळ्यांत नातीला भेटावयास जाण्याचें ठरत आहे. परवां पुतण्यानें तिकिटाचा कागद आणून दिला. सौभाग्यवतीनें विचारलें, "एकच आहे ना?" मीं तो कागद तिच्यापुढें ठेवला. तिनें चष्मा लाविला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो सावकाश वाचला.