वस्त्रगाळ

पेशी वाढवायच्या म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी त्यांची ताटातूट करायची. फ्लास्कच्या तळाशी त्या एकमेकींना धरून फरशीसारख्या पसरतात. जागा संपत आली की जुनं मीडियम ओतून टाकायचं, सलाईननं धुवायचं, प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन घालायचं आणि ३७ अंशांत ठेवून वाट बघायची. ‘उठल्या का?’ हा प्रश्न लॅबमध्ये दिवसातून दहादा कानावर पडतो. उठल्या म्हणजे तळ सोडून गोल झाल्या, तरंगायला लागल्या. पेशी एकमेकींना कशा धरून ठेवतात हा माझ्या अभ्यासाचा विषय, आणि त्यातला निम्मा वेळ त्यांना सोडवण्यात गेला आहे.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी एकदा माझ्या पेशी उठेचनात. एमडीसीके म्हणतात त्यांना. १९५८ साली मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून काढलेल्या या पेशी अजून जगभरच्या लॅबमध्ये वाढताहेत. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटी मी फ्लास्क तळहातावर आपटला, तर दुधावरची साय निघावी तसे पापुद्रेच्या पापुद्रे सुटून आले. पिपेटनं फोडायला गेले तेव्हा निम्म्या मेल्या. सरांनी काही न बोलता टेबलावरची बाटली उचलली आणि लेबल माझ्यासमोर धरलं. धुवायला आणि ट्रिप्सिन पातळ करायला मी कॅल्शियमवाली सलाईन वापरली होती. “अगं, आधी वाचायचं, मग ओतायचं.” मी चरफडले, आठवडा फुकट गेला म्हणून हळहळले आणि नव्या पेशी लावल्या.

असंच काहीसं मासातोशी ताकेइची यांच्याही बाबतीत झालं होतं, हे मला पुढे कळलं. १९७०च्या दशकात ते क्योतोहून अमेरिकेत, बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेच्या भ्रूणविज्ञान विभागात गेले. क्योतोत ट्रिप्सिननं सुट्या केलेल्या पेशी पुन्हा पटापट एकत्र यायच्या, बाल्टिमोरमध्ये येईनात. फरक पाककृतीत होता. बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए असायचं आणि ते कॅल्शियम पकडून ठेवतं. क्योतोच्या ट्रिप्सिनमध्ये ते नसायचं. दुसरा कुणीही ईडीटीए वगळून मोकळा झाला असता. ताकेइचींना मात्र प्रश्न पडला, की कॅल्शियम असताना ट्रिप्सिनपासून बचावतं आणि नसताना कापलं जातं असं पेशीच्या अंगावर आहे तरी काय? १९७७मध्ये त्यांनी उत्तराची पहिली बाजू मांडली, १९८४मध्ये त्या रेणूला कॅडहेरिन हे नाव मिळालं. कॅल्शियमच्या भरवशावर धरून ठेवणारं प्रथिन. माझ्या हातातही तीच बाटली होती. मी फक्त चरफडले, हे मला अजून खुपतं.

पेशी सुट्या करून बघायची खोड त्याहून जुनी. १९०७मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत समुद्री स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला. चूर्ण वस्त्रगाळ करतात, तसा अख्खा प्राणी वस्त्रगाळ! खाली पाण्यात नुसत्या सुट्या पेशी पडल्या. त्या सरपटत एकमेकींपाशी आल्या, गोळा झाल्या आणि त्यातून पुन्हा स्पंज उभे राहिले. १९५५मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या भ्रूणातल्या पेशी अल्कलीनं सुट्या केल्या आणि एकत्र कालवल्या. काही वेळानं त्या वेगळ्या झाल्या. त्वचेच्या पेशी बाहेर आल्या, मज्जासंस्थेच्या आत गेल्या. कुणी न सांगता आपापल्या जागी.

ही निवड जमते कशी, हे पुढे ताकेइचींच्या गटानं दाखवलं. एल सेल्स या उंदराच्या पेशी एकमेकींना फारशा धरत नाहीत. १९८७मध्ये त्यांच्यात कॅडहेरिनच्या एका प्रकाराचं, ई-कॅडहेरिनचं, जनुक घातलं आणि त्या घट्ट चिकटून बसल्या. मग काहींत ई आणि काहींत पी-कॅडहेरिन घालून दोन्ही मिसळल्या, तर ई ई-जवळ गेल्या, पी पी-जवळ.

आपल्या पाठ्यपुस्तकांत याला ‘आसंजन’ म्हणतात. शब्दाला नाव ठेवणार नाही, पण त्यातून डिंकाचा वास येतो, आणि डिंक लावून झाला की आपण विसरून जातो. कॅडहेरिनची गोष्ट फुगडीसारखी आहे. हात एकमेकींत अडकवायचे, पाय जवळ ठेवायचे आणि दोघींनी मागे रेलायचं. ओढ असेल तोवरच फेर धरता येतो. पेशीच्या आत कॅडहेरिनला कॅटेनिन जोडलेली, कॅटेनिनला अ‍ॅक्टिनचे तंतू, आणि ते तंतू ओढणारी मायोसिन. अल्फा-कॅटेनिन आणि अ‍ॅक्टिन यांची पकड ओढ आल्यावर जास्त टिकते, हे २०१४मध्ये मोजूनही झालं.

उंदराचा गर्भ आठ पेशींचा असतो तेव्हा त्या बुंदीच्या दाण्यांसारख्या वेगवेगळ्या दिसतात. थोड्याच वेळात त्या एकमेकींवर दबून चपट्या होतात आणि लाडू वळला जातो. त्या वेळी कॅल्शियम काढून घेतलं की पुन्हा बुंदी. पुढे मज्जारज्जू घडताना, पन्हळीसारख्या आत वळणाऱ्या पेशी ई-कॅडहेरिन टाकून एन-कॅडहेरिन घेतात आणि वरच्या कातडीपासून सुटतात. तिथल्याच काही पेशी तर सगळंच सोडून दूरवर चालत जातात, चेहऱ्याची हाडं आणि त्वचेचा रंग घडवायला. गर्भाला हे सुटणं हवंच असतं.

कॅन्सरमध्ये तेच अवेळी होतं. माझी एक मैत्रीण पॅथॉलॉजिस्ट आहे. स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरची स्लाइड तिनं पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी बराच वेळ बघत राहिले. ई-कॅडहेरिनच्या स्टेननं शेजारच्या निरोगी नळीतल्या पेशींभोवती तपकिरी जाळी उमटली होती. मधून मात्र रंगहीन पेशी मुंग्यांसारख्या एकामागे एक निघाल्या होत्या. त्यांची गाठ नीट बनत नाही, म्हणून हा कॅन्सर मॅमोग्राफीतही अनेकदा निसटतो. न्यूझीलंडमधल्या एका माओरी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पोटाच्या कॅन्सरनं तरुण माणसं जात होती. घराण्यातल्या लोकांनीच पुढाकार घेतला, वंशावळ मांडली. १९९८मध्ये पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांना ई-कॅडहेरिनच्याच जनुकातला दोष सापडला. आज असा दोष वाहणारे काही जण कॅन्सर होण्याआधीच जठर काढून घेतात. आमच्या शोधनिबंधांतल्या जनुकाचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की कुणाच्या तरी ताटावर परिणाम होतो, हे तेव्हा पहिल्यांदा अंगावर आलं.

बरीच वर्षं मी व्याख्यानांत एक सोपी गोष्ट सांगत असे: हात सुटला की पेशी पळते, पळाली की कॅन्सर पसरतो. लोकांना ती आवडायची, मलाही. २०१९मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या अँड्र्यू इवाल्ड यांच्या गटानं (म्हणजे पुन्हा बाल्टिमोरच!) तिच्यातली हवा काढली. स्तनाच्या दुसऱ्या, जास्त आढळणाऱ्या डक्टल प्रकारात त्यांनी ई-कॅडहेरिन काढून टाकलं. पेशी आजूबाजूला अधिक घुसल्या खऱ्या, पण दूरच्या अवयवात मूळ धरायला फार थोड्या उरल्या. बाकीच्या वाटेतच मेल्या. रक्तातून एकेकट्या जाण्यापेक्षा घोळक्यानं जाणाऱ्या पेशी जास्त धोक्याच्या, हेही तोवर दिसलं होतं. त्या व्याख्यानाची स्लाइड मी अजून पुसलेली नाही. वर लाल रेघ मारून ठेवली आहे.

हल्ली ट्रिप्सिन बहुतेक वेळा माझी विद्यार्थिनीच घालते. तिनं कॅल्शियमच्या बाटलीला लाल चिकटपट्टी लावली आहे. पेशी उठल्या की पिपेटनं वर-खाली करून त्या मोकळ्या करायच्या, थेंबभर मोजणीच्या काचेवर घ्यायच्या आणि चौकटीतल्या मोजायच्या. कितीही ढवळलं तरी काही जोड्या सुटत नाहीत; दोघी एकमेकींना धरून तशाच चौकटीत येतात.

“ताई, ही एक धरायची की दोन?” तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

मी दोन धरते. ती एक धरते. आमच्या दोघींच्या आकड्यांत नेहमी थोडा फरक येतो.