दिवे गेल्यावर

गेल्या रविवारी लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानामागून उकळत्या गुळाचा वास आला आणि मी भर पावसात तिथेच थबकलो. भाचीसाठी चिक्की घ्यायला गेलो होतो. आदल्या रात्री ती हॅरी पॉटरचा तिसरा चित्रपट बघत होती आणि बहिणीने मध्येच टीव्ही बंद केला होता. "पहिले दोन बरे होते. पुढे नुसता अंधार आहे," बहीण म्हणाली. भाची तेरा वर्षांची आहे.

२००४ च्या जूनमध्ये मीही तेराच वर्षांचा होतो. आप्पा, माझे वडील, कामासाठी पुण्याला निघाले होते. मी हट्ट धरला म्हणून ते माझ्याबरोबर हाच चित्रपट बघत तीन तास थिएटरात बसले. परतीच्या लोकलने कामशेत सोडलं आणि मळवलीच्या अलीकडे गाडी थांबली. दिवे गेले. सिनेमात नेमकं हेच घडलं होतं: गाडी थांबते, दिवे जातात, काचेवर बर्फ धरतं आणि डिमेंटर नावाची काळी आकृती डब्यात शिरते. माझे दात वाजू लागले. शेजारी कागद उलगडल्याचा आवाज झाला आणि माझ्या तळहातावर गुडदाणीचा तुकडा आला. "खा," आप्पा म्हणाले. सिनेमात शुद्धीवर आलेल्या हॅरीला प्रोफेसर ल्युपिन चॉकलेट देतो. आप्पांना ते आठवलं होतं, की मला भूक लागली असेल असं वाटलं, हे मी कधी विचारलं नाही.

गुडदाणीचं आणि रेल्वेचं नातं जुनं आहे. लोणावळ्याच्या घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तो मार्ग खोदताना हजारो मजूर मेले, बरेचसे पटकीने. त्या मजुरांच्या फडक्यात गुडदाणी असायची आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असं लोणावळ्यात सांगतात.

हॅरी पॉटरचे चित्रपट पुढे काळवंडले, बिघडले, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. शाळेचे वृद्ध मुख्याध्यापक डम्बलडोर यांचं काम करणारे रिचर्ड हॅरिस ऑक्टोबर २००२ मध्ये वारले. तिसऱ्या चित्रपटात त्यांच्या जागी मायकेल गॅम्बन आले आणि पडद्यावर कुणीच त्याचा खुलासा केला नाही. मला खुलासा लागलाही नाही. आमचे आजोबा त्याच सुमारास गेले होते आणि ओट्यावरच्या त्यांच्या जागेवर आप्पा बसू लागले होते. चौथ्या चित्रपटात सेड्रिक या विद्यार्थ्याच्या देहावर त्याचा बाप हंबरडा फोडतो. तोवर आम्हीही तसा हंबरडा गावात ऐकलेला होता. अंधार चित्रपटांनी आणला नव्हता. आम्ही वाढत होतो आणि ते आमच्या बरोबरीने चालत होते.

शेवटचा भाग जुलै २०११ मध्ये आला. तो मी पिंपरी-चिंचवडला मित्रांबरोबर पाहिला. पुढच्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून त्याच शहराला नेण्याविरुद्ध आमच्या मावळातले शेतकरी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले, त्यांत एक बाई होती. आप्पा त्या गर्दीत होते. रात्री उशिरा घरी आले आणि दिवा न लावता ओट्यावर बसून राहिले. मी उंबऱ्यात उभा होतो, वीस वर्षांचा. त्यांच्या हातावर काही ठेवावं, निदान शेजारी जाऊन बसावं, एवढंही मला सुचलं नाही. मी आत जाऊन झोपलो.

लोकलमधला तो तुकडा आठवला की पाठोपाठ ही रात्र येतेच. दोन्हींना गुळाचाच वास आहे, का ते सांगता येत नाही.

रविवारी संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो, टीव्ही लावला आणि भाचीच्या शेजारी बसलो. गाडी थांबली, दिवे गेले, तिने माझा दंड धरला. मी चिक्कीचा तुकडा मोडून तिला दिला.

मुलांसाठी टीव्ही बंद करू नका. त्यांच्या शेजारी बसा.