पोरीला उजवण्याची घाई

आपल्या लग्नपत्रिकेवर तथागत आणि बाबासाहेबांचे फोटो असतात, खाली 'मंगल परिणय' छापलेले असते. नवरीचे वय मात्र कुणी छापत नाही. पाथर्डी-जामखेडकडे नर्स म्हणून वाड्यावस्त्या फिरताना अशा कितीतरी पत्रिका मला आल्या, आणि वर्षाच्या आत त्याच मुलींची नावे गरोदर मातांच्या रजिस्टरात लिहावी लागली. वय विचारले की सासू म्हणायची, "एकोणीस लिहा, बाई." अठराच्या आतली असली तर पोलिसांत कळवावे लागते. २०१२ च्या पोक्सो कायद्यापासून त्या भीतीने कित्येक जणी दवाखान्यातच उशिरा येतात.

आईबापांना नुसता दोष देऊन भागत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला सहा महिने घर सोडायचे, तर वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय मुकादम उचल देतो ती जोडप्याला, म्हणजे 'कोयत्या'ला. लग्न लागले की नवा कोयता तयार! तिथे माझ्या भाषणाने काय होणार?

कशाने फरक पडतो, ते मात्र जवळच पाहायला मिळाले. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले आणि गावच्याच बायकांना आरोग्यसेविका केले. त्यांत निरक्षर होत्या, आपल्या वस्तीतल्याही होत्या. पलीकडे पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य संस्थेने अविवाहित मुलींसाठी वर्षभर रोज संध्याकाळी तासाभराचा वर्ग चालवला. शिकवणारी गावातलीच. आधी तिथे निम्म्या मुलींची लग्ने सोळाच्या आत होत. १९९७ ते २००१ या काळात ती रेघ सतरावर सरकली.

लग्न झालेच असेल तर पहिले बाळ लांबवता येते. निरोध, गोळ्या, 'अंतरा' इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पण हे सांगणारी सासूशी चार शब्द बोलू शकेल अशी, ओळखीची हवी.

१९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. तो मांडणारे पी. जे. रोहम आपल्याच नगर जिल्ह्याचे. ठराव पडला. १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका म्हणून बजावले.

गेल्या वर्षावासापासून आमच्या विहारात ग्रंथवाचन संपले की तासभर मी मुलींना घेऊन बसते. पाळी, रक्तवाढीच्या गोळ्या, कायदा, सगळे बोलतो. आठ जणी येतात. दोघींना पाहुणे बघून गेले. एकीच्या वडिलांनी बारावीपर्यंत थांबायचे कबूल केले आहे. दुसरीच्या घरी या रविवारी जायचे आहे.