कलम बारावे आणि कलम दहावे

बर दुबईच्या खाडीकाठी, कापडबाजाराच्या लाकडी छताखालून निघून अब्रा नावाच्या होड्यांच्या धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर, हिंदुस्थानातील निम्म्या भाषा कानी पडतात. त्याच वस्तीतील एका ओळखीच्या घराच्या दिवाणखान्यात, सुट्टीच्या दिवशी, बालवाड्यांतील मराठी शिक्षिका आणि मालकांच्या घरी राहून मुले सांभाळणाऱ्या मावश्या यांच्यासाठी मी बालहक्कांचे वर्ग घेते. विषय कायद्याचा म्हणून ओळखला जातो खरा, परंतु त्यातला कायदा शिकवणे हेच सर्वांत सोपे काम आहे.

२०१२ साली वदीमा नावाची आठ वर्षांची बालिका जन्मदात्याच्या आणि त्याच्या सोबतिणीच्या छळाने मरण पावली, आणि त्या घटनेने हळहळलेल्या या देशात २०१६ साली जो बालहक्क कायदा झाला तो आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. मुलावर अत्याचार होत असल्याची चिन्हे दिसली तर खबर देणे हे शिक्षकाचे व वैद्याचे कर्तव्य ठरावे आणि खबर देणाऱ्याचे नाव गुप्त राहावे, अशी तजवीज त्यात आहे. हा तपशील वर्गात सर्वजणी निमूटपणे उतरवून घेतात. नंतर प्रश्न येतात ते असे : फिर्याद कोणाकडे द्यायची, पोलीस आम्हांलाच बोलावतील काय, नोकरी गेली तर व्हिसाचे काय? परमुलखात पोट भरायला आलेल्या माणसाने हे विचारू नये असे म्हणण्याची माझी छाती नाही. तरीही तासभर चाललेल्या त्या प्रश्नोत्तरांत मूल कोठेच नव्हते, हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार १९८९ चा. भारत त्यात १९९२ साली सामील झाला आणि अमिरात १९९७ साली, म्हणजे मुंबईहून विमानात बसवलेले मूल दोन्ही टोकांना त्याच कराराच्या छत्राखाली असते. त्या करारातील बारावे कलम सांगते की, ज्या मुलाला स्वतःचे मत बनवता येते त्याला, त्याच्याविषयीच्या सर्व बाबतींत, ते मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावे. येथे आल्यावर मात्र वर्गाची लेखणी थांबते. ‘मुलांच्या मताने का घर चालवायचे?’ हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच, आणि तो विचारणारी बहुधा वर्गातील सर्वांत प्रेमळ बाई असते.

घर कोणाच्या मताने चालते ते या वस्तीत सर्वांनाच ठाऊक आहे. बापाची नोकरी सुटली, भाडे वाढले, शाळेची फी झेपेनाशी झाली, की रात्री निजानीज झाल्यानंतर आई-बाप हलक्या आवाजात हिशेब मांडतात, गावी आजीला फोन जातो, आणि ज्याची रवानगी रत्नागिरीला किंवा साताऱ्याला व्हायची असते त्या नऊ-दहा वर्षांच्या जीवाला ती वार्ता तिकीट हाती आल्यावर कळते. आई-बापांना यात दोष देणे अन्यायाचे होईल. ज्यांचा स्वतःचाच मुक्काम कंपनीच्या मर्जीवर आहे त्यांनी मुलाला कसली निवड द्यावी? परंतु विचारणे म्हणजे निवड देणे नव्हे. कोणत्या महिन्यात जायचे, कोणती पुस्तके बरोबर घ्यायची, कोणत्या मित्राचा निरोप घ्यायचा, इतके तरी त्याला विचारता येते. आणि इतके विचारले गेले असता मुले जे बोलतात ते ऐकण्याची तयारी नसल्यामुळेच, मला वाटते, आपण विचारत नाही.

मत हे शब्दांतूनच प्रकट होते, ही तर मोठ्यांची आणखी एक सोयीस्कर समजूत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले तेव्हा, मूल शाळेत येत नाही अशी तक्रार करीत न बसता, शाळाच वस्तीतील अंगणात नेली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या, आणि गुरे चरत असतील तेथे शिक्षक गेला. मुलांची गैरहजेरी हाच त्यांनी मुलांचा अभिप्राय मानला. बारावे कलम लिहिले जाण्याच्या कितीतरी वर्षे आधी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या त्या डोंगराळ मुलखात, त्याची अंमलबजावणी चालू होती, असे मी माझ्या वर्गात बेधडक सांगते.

मग वर्गातील बायकांना आपापली मुले आठवू लागतात. बालवाडीतून पालकांच्या गटावर दिवसभर छायाचित्रे जात असतात. कॅमेरा समोर आला की तोंड फिरवणारा एक तीन वर्षांचा मुलगा आहे, आणि ‘लाजतो’ म्हणून सगळ्यांनी ते हसण्यावारी नेले आहे. अंगाला हात लावण्यापूर्वी ‘आता उचलते हं’ असे तान्ह्याला सांगणारी एक मावशी आहे, जिने हे कोणत्याही वर्गात शिकलेले नाही.

त्याच मावशीने मला पेचात टाकले. तिची स्वतःची मुलगी कोल्हापूरला आजोळी वाढते आहे. ‘बाई, माझ्या पोरीला कोणी विचारलं?’ एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून बाराव्या कलमामागोमाग मी दहावे घेते, कारण आई-बाप परदेशी असलेल्या मुलाचा त्यांच्याशी नियमित संपर्काचा हक्क त्यात नमूद आहे. आणि गंमत अशी की, वदीमाच्या कायद्यापेक्षा या कलमावर वर्ग अधिक हमरीतुमरीवर येतो. मावश्यांची कामे रात्री नऊला आटोपतात, त्या वेळी कोल्हापुरात साडेदहा वाजलेले असतात, आणि अर्धवट झोपेतल्या मुलीशी ‘जेवलीस का’ यापलीकडे बोलणे होत नाही. फोन सहाला व्हायला हवा, कारण मुलीला तीच वेळ सोयीची आहे. तिने ती स्वतः सांगितली आहे. सहा वाजता मात्र मालकाच्या मुलाला न्हाऊ घालायचे असते. पाऊण तास सोडावा म्हणून मावशीच्या मालकिणीकडे मी शब्द टाकला. ती रविवारपुरती कबूल झाली आहे, आणि उरलेल्या वारांची बोलणी अद्याप चालू आहेत.