आलो आहे!

कल्याण-डोंबिवलीचे तरुण जर्मन शिकून परदेशी निघाले, म्हणजे मी त्यांस सांगतो: इंग्रजी क्षणभर विसरा. इंग्रज आगमनासही 'हॅव' जोडतो. जर्मनाचे 'इश बिन गेकोमन' मात्र आपल्या 'मी आलो आहे'चे सख्खे भावंड. घड्याळ तेवढे निराळे. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास आलेली पहिली उतारूगाडी बोरीबंदराहून साडेतीनच्या सुमारास सुटली होती. जर्मन तीस 'हाल्ब फीअर' म्हणेल. इंग्रजी कानास ते साडेचार वाटेल, आणि गाडी चुकेल! आपण सरलेल्या तीनांवर अर्धा चढवितो. तो येऊ घातलेल्या चाराचा अर्धा मोजतो. मुलाच्या 'पोहोचलो' या निरोपाची वाट पाहणाऱ्या डोंबिवलीतील मातेचा हिशेब मात्र, जर्मन न शिकताही, जर्मनच असतो.