ज्यांना चौथरा मिळाला नाही

व्हर्जिनियातल्या शार्लट्सविलमध्ये रॉबर्ट ई. ली याचा घोड्यावरचा पुतळा 1924 मध्ये बसवला. 2021 मध्ये तो उतरवला, 2023 मध्ये भट्टीत वितळवला. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा हा सेनापती अमेरिकेतलं यादवी युद्ध हरल्यानंतर जवळपास साठ वर्षांनी चौथऱ्यावर चढला होता. तो गेला हे चांगलंच झालं. पण पुतळा हलला की निदान बातमी होते. पुढच्या वस्तूंची होत नाही.

चार्ल्सटन शहरातला तांब्याचा बिल्ला. तळहातावर मावेल एवढा पत्रा, दोरा ओवायला भोक. त्यावर ठोकलेलं शहराचं नाव, वर्ष, नंबर आणि काम: नोकर, हमाल, कारागीर, फळविक्या. मालकाला आपला गुलाम दुसऱ्याकडे मजुरीला लावायचा असला की नगरपालिकेत पैसे भरून दर वर्षी नवा बिल्ला घ्यावा लागे. माणसाच्या नावाला त्यावर जागाच नाही. आज हे बिल्ले जुन्या परसांच्या मातीत सापडतात, लिलावात विकले जातात, आणि भाव इतका चढलाय की नकलीही निघाले आहेत. आधी माणसावर बोली लागायची, आता त्याच्या बिल्ल्यावर लागते. हे मला सहन होत नाही.

1850 आणि 1860 च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्या. वर मालकाचं नाव, खाली वय, लिंग, वर्ण. मुक्त झालेल्यांची नावं 1870 मध्ये पहिल्यांदा लागली. आपलं घराणं शोधत मागे जाणारे कितीतरी काळे अमेरिकन त्या वर्षापाशी अडतात.

विटांवरचे बोटांचे ठसे. ओल्या विटा उचलून वाळत घालणाऱ्या गुलामांचे. काही इतके लहान की पोराचेच असणार.

साउथ कॅरोलायनातल्या सेंट हेलेना बेटावरची काळ्या लोकांची लाकडी प्रार्थनाघरं. उरलीत ती बोटांवर मोजण्याइतकी.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. त्याच दशकाच्या शेवटी न्यू ऑर्लिन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट’ या वृत्तपत्रात हरवलेल्या आप्तांचं सदर सुरू झालं. वर्गणीदारांना फुकट, इतरांना 50 सेंट. आई कुठे विकली गेली, भाऊ कोणत्या व्यापाऱ्यानं नेला, एवढ्या खुणांवर लोक शोध घेत होते. मालकांची नावं त्यात हमखास असत, कारण माग काढायचा तर त्यांच्यावरूनच. धर्मोपदेशकांनी ही पत्रं चर्चमध्ये वाचून दाखवावीत, अशी सूचना वर छापलेली असे. युद्ध संपून चौदा वर्षं झाली होती. हे कागद आता स्कॅन होताहेत. माझ्या मते त्या युद्धाचं याहून खरं स्मारक नाही.

आणि एक कुंपण. युद्धाच्या शेवटच्या वर्षी चार्ल्सटनच्या रेसकोर्सवर उत्तरेच्या सैनिकांचा तुरुंग होता. उघड्यावर, रोगराईनं किमान 257 कैदी मेले. प्रेक्षकांच्या सज्जामागे त्यांना घाईनं पुरलं गेलं. शहर दक्षिणेच्या हातून सुटल्यावर काळ्या कामकऱ्यांनी ते सांगाडे काढून नीट दफन केले, भोवती कुंपण घातलं, त्याला चुना लावला, कमान उभारली. 1 मे 1865 रोजी सुमारे दहा हजार लोक तिथे जमले. बहुतेक नुकतेच मुक्त झालेले. पुढे शाळेतली मुलं, हातात गुलाब. युद्धातल्या मृतांना फुलं वाहण्याचा अमेरिकेतला हा अगदी पहिल्या सोहळ्यांपैकी एक, आणि तो गुलामीतून सुटलेल्यांनी केला. शहरानं मात्र तो विसरून टाकला. इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांना त्याची नोंद जुन्या कागदांत सापडली तोवर शतक उलटून गेलं होतं.

आज तिथे ते कुंपण नाही, कमान नाही. सैनिकांचे अवशेष ब्यूफर्टच्या राष्ट्रीय दफनभूमीत हलवले. रेसकोर्सच्या जागी बाग आहे, आणि तिला नाव आहे वेड हॅम्प्टन याचं: दक्षिणेचा सेनापती, मोठ्या गुलाममालक घराण्यातला. हे नाव बदलायला हवं.